नवा मोबाइल, पहिला मेसेज : गावाकडच्या नवशिक्यांसाठी

दिवाळीला पोरगा पुण्याहून येतो, बाबांसाठी नवा फोन आणतो, सिम टाकून देतो आणि भाऊबीज आटोपली की बॅग उचलून निघतो. फोन घेणं-ठेवणं दोन दिवसांत जमतं. मेसेजचं तसं होत नाही. ते येत राहतात, टुंग वाजत राहतं आणि बाबा म्हणतात, "कंपनीवाल्याइचं असन काहीतरी." त्यातच एखादा बँकेचा असतो, एखादा सोयाबीन खरेदी केंद्राचा असतो.

हे त्या बाबांसाठी, आयांसाठी, आणि त्यांना शिकवायला बसणाऱ्या नातवंडांसाठी, सुनांसाठीही. फोन बटनाचा असो की टचचा, दोन्हींचं सांगतो. शिकवणारे बहुतेक जण पहिल्याच दिवशी टाइप करायला लावतात. मला ते पटत नाही. गावात आपण पाठवतो त्यापेक्षा आपल्याला येणारे मेसेज कितीतरी जास्त असतात, आणि पैशाशी गाठ पडते ती येणाऱ्यांची. म्हणून आधी वाचणं, मग लिहिणं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. नव्या फोनसाठी दुकानातून सिमही बदलून घेतलं असेल, तर पहिले २४ तास मेसेज येणं-जाणं बंद असतं. दुसऱ्याने तुमच्या नावाचं सिम काढून पैसे उडवू नयेत म्हणून ही सोय आहे. फोन परत करायला दुकानात जाऊ नका. उद्या येतील.

पेटी उघडा

बटनाच्या फोनवर मेनूत जा आणि पाकिटाचं चित्र शोधा. आत तीन-चार नावं दिसतील. इनबॉक्स म्हणजे आलेले, सेंट म्हणजे पाठवलेले, ड्राफ्ट म्हणजे अर्धवट लिहून राहिलेले. सध्या इनबॉक्सशीच काम. बाणाच्या बटनाने खाली-वर जायचं आणि मधलं बटन दाबून उघडायचं.

टचच्या फोनवर बोलण्याच्या फुग्याचं चित्र असतं, खाली 'मेसेजेस' असं नाव. हिरव्या रंगाचं व्हॉट्सअ‍ॅप ते वेगळं, त्याचं पुढे बोलू. उघडलं की पाठवणाऱ्यांची यादी दिसते. न वाचलेले ठळक अक्षरात असतात. हवा त्यावर बोट नुसतं टेकवा आणि उचला. दाबून धरू नका. दाबून धरलं की फोनला वाटतं तुम्हाला तो मेसेज निवडायचा आहे, मग वर कचरापेटी आणि कायकाय चित्रं उगवतात. नवशिक्याची घाबरगुंडी बहुतेक वेळा इथेच उडते. तसं झालं तर मागे जायचं, काही पुसलं जात नाही. आणि वावरातून आल्या आल्या फोन हातात घेतला असेल तर आधी हात पुसा; ओल्या, मातीच्या बोटाचं टच ऐकत नाही.

अक्षर बारीक दिसतं? गुगलच्या मेसेज अ‍ॅपमध्ये दोन बोटं पडद्यावर ठेवून फाकवली की अक्षर मोठं होतं. सगळ्या फोनचंच अक्षर मोठं करायचं तर सेटिंगमध्ये डिस्प्ले, त्यात फॉन्ट साइज. सेटिंगमधून फोनची भाषा मराठी करता येते, पण ती करावी असा माझा आग्रह नाही. दुकानदार, नातू, भाचा सगळे फोनवरून 'सेटिंगमध्ये जा, मग डिस्प्लेत जा' असंच सांगणार, आणि तुमच्या पडद्यावर नावं वेगळी दिसली की दोघंही वैतागणार. जे तुमच्या शिकवणाऱ्याला ओळखीचं आहे तेच ठेवा.

पाठवणारा कोण ते आधी बघा

मेसेज वाचायच्या आधी त्याच्या वरचं नाव वाचायची सवय लावा. घरच्या माणसाचा नंबर सेव्ह असेल तर त्याचं नाव दिसेल. सेव्ह नसेल तर दहा आकडी नंबर दिसेल, पुढे बहुधा अधिक ९१ लावलेला. आणि बँक, महावितरण, सरकारी खातं यांच्या मेसेजवर नंबर नसतोच, इंग्रजी अक्षरं असतात : आधी दोन अक्षरं, मग आडवी रेघ, मग संस्थेचं आखूड केलेलं नाव. त्या दोन अक्षरांतलं पहिलं टेलिफोन कंपनीचं आणि दुसरं विभागाचं. २०२५ पासून या नावाच्या शेवटी आणखी एक रेघ आणि एकच अक्षर जोडलेलं असतं. पी असेल तर जाहिरात. एस असेल तर सेवेची माहिती. टी असेल तर व्यवहाराचा, ओटीपीसारखा (ओटीपी म्हणजे काय ते पुढे सांगतो). जी असेल तर सरकारी.

एवढं ओळखता आलं तरी निम्मं काम झालं. शेवटी पी दिसला की न वाचता सोडून द्या. जी, टी आणि एस दिसला की चष्मा लावा. दहा आकडी साध्या नंबरावरून 'मी बँक बोलतेय' असा मेसेज आला, तर ती बँक नाही.

म्हणून लिहायला शिकण्याआधी नंबर सेव्ह करा. पोरगा, पोरगी, जावई, शेजारी, सालदार, गावचे लाइनमन भाऊ, कृषी केंद्रवाले, ट्रॅक्टरवाले. हे काम नातवाकडून करून घ्यायला हरकत नाही, पण नावं तुम्ही सांगा. नातू 'पप्पा' म्हणून सेव्ह करतो आणि नंतर आजोबाला आपल्याच पोराचा मेसेज ओळखू येत नाही.

बँकेचा मेसेज वाचणं

हा भाग घाईने वाचू नका. बँकांचे मेसेज बहुतेक इंग्रजीत येतात, पण ते सगळे एकाच साच्याचे असतात. पूर्ण इंग्रजी यायची गरज नाही, चार ठिकाणी नजर गेली की झालं.

पहिलं, खात्याचा नंबर. पूर्ण नसतो, काही फुल्या किंवा एक्स आणि मग शेवटचे तीन-चार आकडे. पासबुकावर तुमच्या खात्याचे शेवटचे आकडे बघून ठेवा. दोन खाती असतील तर हे फार कामाचं. पीएम किसानचा हप्ता एका खात्यात आला आणि तुम्ही दुसऱ्या बँकेत रांगेत उभे, असं होत नाही.

दुसरं, रक्कम. 'आरएस' किंवा 'आयएनआर' या अक्षरांपुढे असते. पुढे टिंब आणि दोन शून्यं असतील तर ते रुपये नव्हेत, पैसे. २००० टिंब ०० म्हणजे दोन हजारच, दोन लाख नाहीत.

तिसरं, आणि सगळ्यात महत्त्वाचं : पैसे आले की गेले. 'क्रेडिटेड' म्हणजे जमा, 'डेबिटेड' म्हणजे वजा. दोन्ही शब्द लांबून सारखेच दिसतात, म्हणून पहिलं अक्षर बघा. सी असेल तर साठले. डी असेल तर दिले. काही बँका नुसतं सीआर आणि डीआर लिहितात, तिथेही तेच. डी दिसला आणि तुम्ही कोणाला काही दिलेलं नसेल, तर तो मेसेज घेऊन त्याच दिवशी बँकेत जा. शाखा बंद असेल तर पासबुकावर किंवा एटीएम कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरावर फोन करा. मेसेजमध्येच दिलेल्या एखाद्या मोबाइल नंबरावर करू नका.

चौथं, शेवटी 'बॅलन्स' किंवा त्याचं आखूड 'बीएएल' आणि त्यापुढे शिल्लक. सगळ्याच मेसेजमध्ये ती नसते.

पीएम किसानचे वर्षाला ६००० रुपये २००० च्या तीन हप्त्यांत येतात. लाडकी बहीणचे महिन्याचे १५००. हे आकडे ओळखीचे असल्यामुळे सरावाला चांगले. माझ्या मते आज्जीला मेसेज शिकवायची सुरुवात 'गुड मॉर्निंग'च्या फुलांपासून न करता १५०० रुपयांच्या मेसेजपासून करावी. तो ती स्वतःहून दहा वेळा वाचते.

कापूस-सोयाबीनच्या दिवसांत आणखी एका मेसेजवर लक्ष ठेवायचं. हमीभावाने माल द्यायला नोंदणी केली असेल तर माल केंद्रावर कधी आणायचा ते एसएमएसने कळवतात. तो जाहिरातींच्या ढिगात गेला की पाळी हुकते, आणि मग भाड्याच्या गाडीचं गणितही बिघडतं. नोंदणी करताना नंबर कोणाचा दिला होता हेही आठवून ठेवा. फॉर्म भरणाऱ्या पोराने घाईत स्वतःचा नंबर टाकलेला असतो, असं होतं.

कधीकधी फोन एकदम कर्कश वाजू लागतो, थरथरतो आणि पडद्यावर इशाऱ्याची चौकट येते. फोन बिघडला असं समजून बॅटरी काढू नका. २०२३ मध्ये सरकारने आपत्तीच्या इशाऱ्याची ही सोय देशभर तपासली, तेव्हा गावोगावी लोक घाबरले होते. इशारा वाचा, 'ओके' दाबा. वीज पडण्याचा, जोरदार पावसाचा इशारा साध्या मेसेजनेही येतो. तेव्हा झाडाखाली थांबू नका आणि मोटारीच्या पेटीला हात लावू नका.

आता लिहायचं : बटनाचा फोन

बटनाच्या फोनवर एका बटनावर तीन-चार अक्षरं असतात. २ वर ए, बी, सी. ३ वर डी, ई, एफ. असं ९ पर्यंत. ७ आणि ९ वर चार-चार. ० म्हणजे दोन शब्दांमधली मोकळी जागा, १ वर टिंब, प्रश्नचिन्ह वगैरे. जितव्या नंबरावर अक्षर, तितक्यांदा बटन दाबायचं.

सगळ्यात सोपा शब्द 'हो'. इंग्रजी अक्षरांत एच आणि ओ. एच ४ वर दुसरा, म्हणून ४ दोनदा. ओ ६ वर तिसरा, म्हणून ६ तीनदा. झालं. पुढचा शब्द 'आलो' : २ एकदा, ५ तीनदा, ६ तीनदा.

आता 'बाबा' लिहून बघा. इथे अडतं. बी आणि ए दोन्ही २ वरच. सरळ दाबत गेलात तर फोन ए-बी-सी फिरवत बसतो. म्हणून २ दोनदा दाबून बी आला की थांबायचं. बारीक रेघ पुढे सरकली की २ एकदा, ए. पुन्हा थांबायचं. हा थांबा जमला की बटनाचा फोन जमला. बाकी सगळा सराव.

टाइप करताना भलताच पूर्ण शब्द आपोआप उमटत असेल, तर फोन शब्द ओळखायच्या मोडवर आहे. बहुतेक फोनवर # दाबत राहिलं की मोड बदलतो : मोठी अक्षरं, लहान अक्षरं, आकडे, हिंदी. वरच्या कोपऱ्यात कोणता चालू आहे ते दिसतं. नुसता आकडा हवा असेल तर ते बटन दाबून धरा. चुकलं की 'सी' किंवा 'क्लिअर' लिहिलेल्या बटनाने मागचं एकेक अक्षर पुसतं. ते बटन धरून ठेवलं तर सगळंच पुसतं, जपून.

इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं पोरं सहज वाचतात. फक्त 'काल' की 'काळ', 'कधी' की 'कढी' हे वाचणाऱ्याने ओळखायचं असतं. दिवसाचा घोळ नको असेल तर 'परवा' न लिहिता तारीख आकड्यात टाका.

टचचा फोन

मेसेज अ‍ॅपमध्ये उजवीकडे खाली नवा मेसेज सुरू करायचं बटन असतं. ते दाबा, नाव निवडा. खाली लांबट चौकट दिसते, तिच्यावर बोट टेकवलं की अक्षरांची पाटी वर येते. लिहा. चौकटीशेजारच्या कागदी विमानासारख्या बाणावर बोट टेकवा. गेला.

मराठी अक्षरं हवी असतील तर पाटीच्या सेटिंगमध्ये भाषा जोडावी लागते. हे काम एकदाच, नातवाकडून करून घ्या. गुगलच्या पाटीवर दोन सोयी आहेत. एकीत मराठी अक्षरंच दिसतात. दुसरीत इंग्रजी अक्षरं दाबायची आणि फोन त्याचं मराठी करतो. ज्यांना शाळेत बाराखडी पाठ होती त्यांना पहिली बरी. पोरांना दुसरी. भाषा बदलायला पृथ्वीच्या गोळ्याचं चित्र किंवा खालची लांब पट्टी दाबून धरायची.

आणि माइक. पाटीच्या वर कोपऱ्यात माइकचं चित्र असतं. दाबा, बोला, फोन लिहून देतो. डोळ्यांनी कमी दिसणाऱ्यांना, बोटं थरथरणाऱ्यांना याच्यासारखं सुख नाही. एकच अडचण : तो पुस्तकी मराठीत वाढलेला आहे. 'मले उद्या दवाखान्यात जा लागते' म्हटलं की काय उमटेल सांगता येत नाही. बोलून झालं की पाठवण्याआधी एकदा वाचाच. शेजारी ट्रॅक्टर चालू असेल तर माइकच्या नादी लागू नका.

फोन आपल्या मनाने शब्द सुधारतो, तेही बघत जा. गावाचं नाव, आडनाव, औषधाचं नाव तर हमखास बदलून टाकतो.

काय लिहायचं आणि किती

एसएमएस सुरू झाला तो ३ डिसेंबर १९९२ ला, इंग्लंडमध्ये पाठवलेल्या नाताळच्या शुभेच्छांनी. तेव्हापासून एका मेसेजची जागा ठरलेली : इंग्रजीत १६० अक्षरं. देवनागरीत लिहिलं की तीच जागा ७० वर येते, कारण आपलं एकेक अक्षर साठवायला जास्त जागा लागते. शिवाय काना, मात्रा, वेलांटी हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'पाणी' हा शब्द तुमच्या-माझ्या डोळ्यांना दोन अक्षरांचा, फोनला चार खुणांचा. ७० च्या पुढे गेलात की एकाचे दोन मेसेज होतात. समोरच्याला जोडून एकच दिसतो, पण कंपनी दोन मोजते. बहुतेक अमर्याद पॅकमध्ये दिवसाला १०० एसएमएस असतात, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. साध्या बॅलन्सवर चालणाऱ्यांनी मात्र बघावं. इंटरनेट लागतच नसेल तर नुसते बोलणं आणि एसएमएस असलेले पॅकही २०२५ पासून मिळतात. दुकानदार स्वतःहून सांगेलच असं नाही, विचारा.

ज्यांनी तार पाहिली आहे त्यांना कमी शब्दांत लिहायचं शिकवावं लागत नाही. २०१३ च्या जुलैत तारसेवा बंद झाली, पण ती शिस्त इथे कामी येते. हा बघा :

'वावरात आहो. लाइन आली. मोटार चालू केली. जेवण ठेवजो.'

जागा, टिंबं धरून ५० खुणा. एका मेसेजात बसला आणि घरच्यांना सगळं कळलं. आपल्या बोलीत लिहायला लाजू नका. घरच्या माणसाला लिहिताना 'कृपया' आणि 'कळवावे' आणायचं काही कारण नाही.

मेसेजचा खरा उपयोग आकड्यांना आणि नावांना होतो. फोनवर 'सतरा' सांगितलं तर 'सत्तर' ऐकू येतं, थ्रेशर चालू असेल तर काहीच ऐकू येत नाही. किती क्विंटल भरलं, गाडीचा नंबर काय, डॉक्टरांनी पुढची तारीख कोणती दिली, कोणाला किती मजुरी दिली, हे लिहून पाठवा. पुढे वाद झाला तर मेसेजवर तारीख-वेळ असतेच. फवारणीच्या औषधाचं नाव तर नेहमी लिहूनच मागवा. कृषी केंद्रात दोन डबे सारख्या नावांचे असतात आणि तोंडी निरोपात एखादं अक्षर बदललं की तणनाशक हाती येतं. संत्र्याच्या पट्ट्यात, मोर्शी-वरुडकडे, व्यापाऱ्याशी भाव ठरला की लगेच एक मेसेज टाकून ठेवावा : 'ठरल्याप्रमाणे अमुक भाव, अमुक दिवशी तोडणी.' त्याने 'हो' पाठवलं की कागद झाला म्हणता येत नाही, पण आठवण तरी राहते.

लिहायचं नाही असंही असतं. साप चावला, कोणी भोवळ येऊन पडलं, आग लागली, तर मेसेज टाइप करत बसू नका. १०८ ला किंवा ११२ ला फोन लावा. मयताचा निरोपही जवळच्या माणसाला मेसेजने देऊ नये, असं मला वाटतं. लोक देतात.

गेला की नाही

पाठवलं म्हणजे पोचलं असं नाही. टचच्या फोनवर मेसेजखाली लाल खूण किंवा 'पाठवता आला नाही' असं दिसलं तर त्यावर बोट टेकवा, पुन्हा पाठवा. बटनाच्या फोनवर मेसेजच्या सेटिंगमध्ये डिलिव्हरी रिपोर्ट चालू करता येतो. समोरच्याच्या फोनवर पोचला की तुम्हाला कळतं.

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे, गडचिरोलीत आतल्या गावांत रेंजचं काय असतं ते सांगायला नको. बोलणं तुटतुट होतं अशा जागी एसएमएस बहुधा जातो, कारण त्याला फार थोडी रेंज पुरते. तुमचा फोन बंद असेल, डोंगराआड असेल, तर तुमच्यासाठी आलेला मेसेज कंपनीकडे थांबतो आणि रेंज आली की येतो. म्हणूनच टेकडीवर चढलं की एकदम पाच-सहा टुंग वाजतात. मात्र तुम्ही बिनरेंजच्या जागेवरून पाठवलेला बहुतेक फोनवर अडकून पडतो. तो नंतर स्वतःहून जाईल या भरवशावर राहू नका.

उत्तर लगेच आलं नाही म्हणून रुसायचं नाही, हेही शिकण्यातच धरा. सून शाळेत शिकवत असेल, पोरगा पाळीवर असेल. सारखं 'काहून बोलत नाही' पाठवणं बरं नाही.

ओटीपी

ओटीपी म्हणजे चार किंवा सहा आकड्यांची, थोड्या मिनिटांसाठी चालणारी किल्ली. 'कोणालाच सांगू नका' असं सगळे म्हणतात, आणि मग गॅसवाला दारात उभा राहून नंबर मागतो तेव्हा माणूस गोंधळतो. म्हणून मी असं सांगतो : काम तुम्ही काढलंय का, आणि ते तुमच्या डोळ्यांसमोर चाललंय का? सिलिंडर दारात आहे, कोड सांगा. सेवा केंद्रात पीएम किसानची केवायसी, म्हणजे ओळखीची पडताळणी, करायला तुम्ही स्वतः बसला आहात, सांगा. पण फोन त्यांनी केला, घाई त्यांना आहे आणि नंबर तुमचा हवाय, तर फोन ठेवा. पलीकडून कोणीही बोलत असो.

आणि आकड्यांच्या आजूबाजूचं वाचा. ओटीपी कशासाठी आहे ते मेसेजमध्येच लिहिलेलं असतं. केवायसी म्हणून सांगत असतील आणि मेसेजात रुपयांचा आकडा दिसत असेल, तर तिथेच थांबा.

ओटीपी येतच नाही ही सगळ्यांची तक्रार. बहुतेक वेळा फोनचा दोष नसतो. आधारला किंवा बँकेला जोडलेला नंबरच दुसरा असतो. तो पोरगा इथे होता तेव्हा त्याचा दिला, आता तो पुण्यात आणि ओटीपीही पुण्यात. किंवा जुना नंबर रिचार्ज न केल्यामुळे बंद पडला. ९० दिवस काहीच वापर नसलेला नंबर कंपनी बंद करू शकते आणि पुढे तो दुसऱ्याला मिळतो. मग तुमच्या बँकेचे मेसेज अनोळखी माणसाच्या हातात. नवा फोन घेतल्या महिन्यातच बँकेत आणि आधार केंद्रावर जाऊन आपला चालू नंबर जोडून घ्या.

फसवे मेसेज

'तुमचं बिल भरलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, या नंबरावर फोन करा.' हा मेसेज कितीतरी गावांत फिरला. लाइन तर आपल्याकडे तशीही रात्री जाते, त्यासाठी कोणी मेसेज करत नाही. शिवाय तो साध्या दहा आकडी नंबरावरून येतो. महावितरणच्या मेसेजवर त्यांचं इंग्रजी आखूड नाव असतं.

दुसरा प्रकार हुशारीचा. 'तुमच्या खात्यात ५००० क्रेडिटेड' असा बँकेसारखा दिसणारा मेसेज येतो. पाठोपाठ फोन : "काका, चुकून तुमच्याकडं गेले, दवाखान्याचे पैसे आहेत, परत पाठवा." माणूस भला असतो, लगेच पाठवतो. आता वरचं नाव बघायची सवय इथे कामी येते. मेसेज दहा आकडी नंबरावरून आला असेल तर पैसे आलेलेच नाहीत. खरंच आले असतील तरी परत करायचं काम बँकेत जाऊन.

तिसरा, फाइलचा. पीएम किसानची यादी, लग्नाची पत्रिका, गाडीचं चलान अशा नावाने फाइल येते आणि नावाच्या शेवटी ए-पी-के अशी अक्षरं असतात. ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नका. त्याचाच फोन आधी कोणीतरी ताब्यात घेतलेला असतो. खरी पत्रिका फोटोच्या रूपात येते.

पैसे गेलेच तर लाजून घरात बसू नका. १९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या तक्रारीच्या सरकारी नंबरावर, लगेच फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम अडवायची शक्यता जास्त. त्यानंतर पोलीस स्टेशन.

मशीनला पाठवायचा मेसेज

हात बसला की एक कामाचा मेसेज पाठवून बघा. वीजबिल हातात घ्या. इंग्रजी मोठ्या अक्षरांत एम, आर, ई, जी. मग एक मोकळी जागा. मग बिलावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक. हा ९९३०३९९३०३ वर पाठवा. तुमचा नंबर महावितरणकडे नोंदला जातो आणि बिलाची माहिती फोनवर येऊ लागते. समोर माणूस नाही, मशीन आहे. म्हणून जागा चुकली किंवा 'नमस्कार साहेब' जोडलं तर नोंदणी होत नाही. घरचं आणि शेतपंपाचं बिल वेगळं, तर दोन मेसेज.

जाहिराती बंद करायच्या तर इंग्रजीत 'स्टार्ट', मोकळी जागा आणि ० असं लिहून १९०९ वर पाठवा. हा मेसेज फुकट आहे. बँकेचे आणि सरकारी मेसेज त्याने बंद होत नाहीत.

व्हॉट्सअ‍ॅपबद्दल थोडंसं

व्हॉट्सअ‍ॅपला इंटरनेट लागतं, एसएमएसला लागत नाही. एक बरोबरची खूण म्हणजे पाठवला, दोन म्हणजे पोचला, निळ्या झाल्या म्हणजे उघडला. बोलून पाठवायची सोय आहे, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी ती फार मोठी गोष्ट. गावाच्या ग्रुपवर काही टाकण्याआधी वर ग्रुपचं नाव आहे की माणसाचं ते बघा. मंडळीला लिहिलेला निरोप ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर गेला तर पोळ्यापर्यंत पुरतो.

पेटी साफ ठेवणं

बटनाच्या फोनची जागा लहान असते. ती भरली की नवे मेसेज येत नाहीत, आणि नेमका ओटीपी अडतो. पडद्यावर पाकीट सतत लुकलुकत असेल किंवा 'मेमरी फुल' दिसत असेल तर जाहिराती पुसा. 'सगळे पुसा' हा पर्याय मात्र दाबू नका. बँकेचे, पीक विम्याचे, खरेदी केंद्राचे मेसेज निदान हंगाम संपेपर्यंत ठेवावेत. त्यातला अर्जाचा किंवा नोंदणीचा नंबर वहीतही उतरवून ठेवावा. फोन विहिरीत पडला तरी वही घरात असते.